तात्यांचा वन्स मोअर

"टोपी देणार नाही," तात्या म्हणाले.

काउंटरपलीकडच्या बाईने तात्यांचा ओव्हरकोट घेतला होता, मफलर घेतला होता, माझा कोट घेतला होता, आणि आता ती तात्यांच्या माकडटोपीसाठी हात पुढे करून उभी होती. आमच्या मागे रांग होती. रांगेतल्या बायकांच्या गळ्यात मोती होते, पुरुषांच्या गळ्यात बो होते. माकडटोपी फक्त आमच्याकडे होती.

"द्या हो तात्या. आत गरम असतं."

"नाटकाला टोपी काढून घेतात? कानाला गारठा बसला तर ऐकू काय, कपाळ?"

"नाटक नाही हे. ऑपेरा आहे."

"गातात ना?"

"गातात."

"पडदा आहे?"

"आहे."

"मग नाटकच की."

शेवटी त्यांनी टोपी काढली, नीट घडी घातली आणि आपल्या बंद गळ्याच्या कोटाच्या खिशात ठेवली. खिसा पेरू ठेवल्यासारखा फुगला. बाईने आम्हाला एक पितळी बिल्ला दिला. "देवळात चपलांना देतात तसा," तात्या म्हणाले, आणि तो हरवू नये म्हणून त्यांनी माझ्याकडेच दिला.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही जर्मनीत होतो. माझे यजमान दिगंबर तिथल्या एका पंपांच्या कारखान्यात होते आणि मी घरी बसून जर्मन शिकत होते, म्हणजे मुख्यतः भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. तात्या म्हणजे माझे वडील, वामनराव गणपुले. सांगलीचे. जन्मभर त्यांनी एकाच संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवला. ऑर्गन म्हणजे ती पायाने भाता मारायची मोठी पेटी, रंगमंचाच्या पुढ्यात असते ती. माझी आई कुमुद त्याच कंपनीची नायिका. ती वर गायची, हे खाली वाजवायचे. लग्न झाल्यावरही त्यात काही फरक पडला नाही.

आई आदल्या वर्षी मार्गशीर्षात गेली. आणि तात्यांनी ते मानलंच नाही.

म्हणजे वेड वगैरे काही नाही हं. पेपर वाचायचे, पेन्शन आणायला जायचे, वांगी निवडून आणायचे. पण आईचे दिवस करायला ते बसले नाहीत. माझ्या भावाने, मुकुंदाने, सगळं केलं. कुणी भेटायला आलं आणि 'वहिनी गेल्या हो' म्हणालं, की तात्या विचारायचे, "चहा घेणार?" डोळ्यांतून टिपूस नाही. आणि एक नवीनच खूळ. कंपनी बंद पडली तेव्हा तो ऑर्गन त्यांनी घरी आणला होता, माजघरात. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलातून येऊन त्यांनी त्याचं झाकण उघडलं, आणि तेव्हापासून ते कुणाला लावू देत नव्हते. वाजवत काही नव्हते. नुसता उघडा. माझी भावजय वृंदा रोज पट्ट्यांवरची धूळ पुसायची आणि रोज बडबडायची. एकदा त्यात पाल निघाली. एकदा तिने न विचारता झाकण लावलं, तर सहा फुटी माणूस ताटावरून उठला आणि जाऊन उघडून आला.

मुकुंदाचा फोन आला होता. "शरे, वर्षश्राद्धाला तरी तात्या बसले पाहिजेत. लोकांचं सोड गं. पण असा माणूस आतल्या आत किती दिवस काढणार? मला भीती वाटते. माझ्याच्याने होत नाही, तू बघ."

म्हणून मी त्यांना नवरात्रात बोलावून घेतलं. हवापालट. दोन महिने होत आले, हवा चांगलीच पालटली होती, बाहेर पाणी गोठत होतं, पण तात्या होते तिथेच. मी रोज विषय काढायची.

"तात्या, श्राद्धाला बसाल ना?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू. इथले लोक पाव इतका कडक का भाजतात?"

पुढच्या आठवड्यात मला त्यांना घेऊन सांगलीला जायचं होतं, आणि माझ्या हातात 'बघू'पलीकडे काही नव्हतं.

त्यात ही तिकिटं आली. खालच्या मजल्यावर ब्रांडलबाई म्हणून एक वृद्धा राहायच्या. त्यांचा पाय मुरगळला आणि त्यांनी आपली दोन तिकिटं आम्हाला दिली. दिगंबर म्हणाले, "मी तिथे घोरेन, आणि मग भारताची बदनामी होईल." म्हणून मी आणि तात्या. ब्रांडलबाईंनी मला खुर्चीवर बसवून नियम सांगितले. बोलायचं नाही. खोकायचं नाही. खोकला येणारच असेल तर आधी खोकून घ्यायचं. चुरचुरणारा कागद न्यायचा नाही. मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत, लोक वाजवतील तेव्हा वाजवायच्या.

"आणि गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

"ती प्रेम करते. तोही प्रेम करतो. ती मरते," ब्रांडलबाई म्हणाल्या. बाकी चार तासांत काय होतं ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही.

मरते म्हटल्यावर मला तिकिटं परत करावीशी वाटली. पण तिकिटं घेतली होती, आणि तात्यांना सांगूनही झालं होतं.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, अगदी बाजूला होत्या. तिथून रंगमंच तिरका दिसायचा, पण खालचा वादकांचा खड्डा पुरता दिसायचा. तात्या कठड्यावर वाकून बघत राहिले. घंटा झाली. थोड्या वेळाने दुसरी झाली. मग तिसरी झाली.

"तिसरी घंटा," तात्या म्हणाले, आणि त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर ओळखीचं काहीतरी सापडल्याची खूण दिसली.

दिवे गेले. खाली एक काळ्या कोटातला माणूस आला, त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हा काय वाजवतो?" तात्यांनी कुजबुजत विचारलं. तात्यांची कुजबुज म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत.

"काही नाही. हातात काडी असते. सगळ्यांना सांभाळून घेतो."

"काहीच वाजवत नाही?"

"नाही."

"मग मालक असेल."

पुढच्या रांगेतला एक टकलू मागे वळला. मी नमस्कार केला. तो घाबरून पुढे बघायला लागला.

पडदा वर गेला आणि नायिका आली. चांगली खात्यापित्या घरची होती. तिने तोंड उघडलं मात्र, आणि सबंध थिएटर भरून गेलं. तात्या वर बघायला लागले, मग बाजूला, मग पुन्हा वर.

"माईक कुठाय?"

"माईक नाही."

"नाही?" ते कठड्यावरून आणखी वाकले. जरा वेळाने म्हणाले, "कुमुदसुद्धा माईकला हात लावायची नाही." आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर घेतलं ते हे पहिल्यांदा. मी त्यांच्याकडे वळले. ते नायिकेकडे कमी आणि त्या काडीवाल्याकडे जास्त बघत होते.

मध्यंतरात सगळे लोक हातात उभे पेले घेऊन फिरत होते. आम्ही एका खांबाशी उभं राहून मी आणलेला तिळाचा लाडू अर्धा अर्धा खाल्ला. कागद चुरचुरू नये म्हणून तो मी रुमालात बांधला होता. तात्यांची कळी खुलली होती.

"बाई तयार आहे," ते म्हणाले. "दम चोरत नाही. पण एक कळत नाही. एवढं पहिल्या प्रतीचं पद झालं, लोकांनी वन्स मोअर कसा नाही दिला?"

"इथे तसं नसतं तात्या. एकदाच गातात."

"आवडलं तरी?"

"आवडलं तरी."

"कंजूष आहेत लोक." मग ते स्वतःशीच हसले. "जयसिंगपूरला तुझ्या आईला काय केलं होतं माहितीये ना?"

माहिती कसं नसणार? मी विंगेत गोधडीवर झोपायची त्या दिवसांत. आईचं ते गाजलेलं नाटक, तिसऱ्या अंकात ती विष पिते, पद म्हणते आणि मरते. आणि लोक वन्स मोअर द्यायचे. मग मेलेली आई उठायची, पदर सारखा करायची, पहिल्यापासून पद म्हणायची आणि पुन्हा मरायची. लोकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही. टाळ्या पडल्या की मेलेली माणसं उठतात, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. ती जायला फार वेळ लागला.

"चार वेळा मारली जयसिंगपूरकरांनी तिला," तात्या म्हणाले. "तिचा नायक शोक करून करून दमला. चौथ्या वेळी तिला मांडीवर घेताना म्हणतो कसा, 'कुमुदताई, आता नक्की ना?' आणि ही मेलेली हसतेय!"

ते असे मोकळेपणी हसले, की शेजारून जाणारी एक बाई आपला पेला सांभाळत लांबून गेली. मला वाटलं, हीच वेळ. आत्ता विचारलं तर होईल.

"तात्या," मी म्हणाले, "आईचं वर्षश्राद्ध—"

घंटा झाली.

"चल चल. पडदा जाईल वर," म्हणत ते जिन्याकडे निघालेसुद्धा. मी रिकामा रुमाल पर्समध्ये कोंबला आणि त्यांच्या मागे गेले. चडफडत गेले, खोटं कशाला सांगू.

शेवटचा अंक. त्या बाईनेही विषच घेतलं. मी तात्यांकडे बघितलं, तर ते कठड्याला धरून पुढे सरकले होते. ती बसून गायली, मग एका हातावर रेलून गायली, मग आडवी होऊन गायली. नायकाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण काय म्हणतेय ते कळत होतं. आवाज बारीक होत होत असा गेला, की कधी थांबला ते समजलं नाही. खालचं एक वाद्य जरासं मागे राहिलं, मग तेही थांबलं. तिची मान कलली. आमच्या बाजूला.

एवढ्या मोठ्या थिएटरात कुणी हललं नाही. खोकणारेसुद्धा आधी खोकून आलेले.

आणि तात्या उठून उभे राहिले.

"वन्स मोअर!"

तात्यांचा आवाज म्हणजे कंपनीचा आवाज. दुर्दैवाने शब्द इंग्रजी होते, त्यामुळे ते सगळ्यांना समजले. सबंध थिएटर वळलं. पुढचा टकलू तर उठूनच उभा राहिला. रंगमंचावर नायकाचे खांदे हलायला लागले, ते रडण्याने की हसण्याने हे मला आजतागायत माहीत नाही. मी तात्यांचा कोट धरून खाली ओढत होते. "तात्या, बसा! तात्या, अहो काय हे!" पण तो माणूस खाली येईना. आणि ते रंगमंचाकडे बघतच नव्हते. ते खाली खड्ड्यात, त्या काडीवाल्याकडे बघत होते.

काडीवाल्याने मान वर केली नाही. हात तसेच हवेत धरले होते, ते त्याने हळूच खाली आणले. काडी ठेवली. मग समोरचं जाडजूड पुस्तक त्याने दोन्ही हातांनी मिटलं.

"मिटलं त्याने," तात्या म्हणाले.

ते बसले. पडदा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या आवाजात माझे वडील रडायला लागले. पुरुष डोळे टिपतात तसं नाही. लहान मूल रडतं तसं, खांदे गदगदा हलवत, हुंदके देत. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते हे, आणि आता ते समोर आल्यावर मला काय करावं ते सुचेना. मीही रडायला लागले. पलीकडच्या मोतीवाल्या बाईने तात्यांना आपला रुमाल दिला. ओरडल्याबद्दल तिने त्यांना माफ केलं असावं.

मग पडदा पुन्हा वर गेला आणि नायिका हसत पुढे आली. हातात फुलं. तात्यांनी रुमाल बाजूला केला.

"ही कशी उठली?"

"सगळे येतात, तात्या. लोकांना नमस्कार करायला. पद्धत आहे."

"त्याने मिटल्यावर?"

"हो."

"चूक आहे," तात्या म्हणाले. "आमच्यात असं नाही."

ट्राममध्ये आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. तात्यांनी माकडटोपी घातली होती, तिच्यातून नुसते डोळे आणि नाक दिसत होतं. तीन-चार थांबे गेले.

"शरे, ती उठायची की नाही, हे कोण ठरवायचं माहितीये?" ते म्हणाले.

"कोण म्हणजे? लोक."

"लोकांचं काय, त्यांनी सकाळपर्यंत उठवली असती तिला. गळा गेला असता तिचा. मी ठरवायचो." ते खिडकीबाहेर बघत होते. "मरताना ती मान माझ्या बाजूला टाकायची. आणि अर्धा डोळा उघडून बघायची. पडल्या जागेवरून माझे हात दिसायचे नाहीत तिला, पण ऑर्गनचं झाकण दिसायचं. झाकण उघडं, तर उठायचं. मी झाकण लावलं, तर मेली. मग लोक किती का बोंबलेनात, ती हलायची नाही. आमचं दोघांचं होतं ते. मालकालासुद्धा माहीत नव्हतं."

मला हळूहळू समजत होतं, आणि समजू नये असं वाटत होतं.

"त्या दिवशी हॉस्पिटलात तिने अशीच मान टाकली. माझ्या बाजूला. डोळा अर्धा उघडा. सिस्टर म्हणाली, आजोबा, गेल्या त्या. मी म्हटलं, थांबा जरा, घाई करू नका. पण तिथे पेटी कुठे होती? ती बघणार कशाकडे? म्हणून मी घरी आलो आणि उघडून ठेवलं."

"तात्या..."

"तू विचारत होतीस, मुकुंदा विचारत होता, श्राद्धाला बसणार का. अगं, बसू कसा? झाकण उघडं आहे अजून. आणि लावायचं म्हणजे मीच लावायचं. दुसऱ्या कुणी लावून नाही चालत. मी लावलं की ती मेली." त्यांनी टोपी खाली ओढून नाक झाकलं. "जमत नव्हतं गं मला."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. आमचा थांबा आला आणि गेला, आम्ही पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो.

दुसऱ्या दिवशी ब्रांडलबाईंनी विचारलं, "वडिलांना आवडलं का?" मी म्हटलं, फार आवडलं. "त्यांना सगळं समजलं?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेवढंच होतं. ती मरते.

सांगलीला पोचलो तेव्हा घरात श्राद्धाची तयारी चालली होती. मुकुंदाने दारातच मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी मान हलवली. म्हणजे हो की नाही, ते माझं मलाच माहीत नव्हतं. तात्यांनी पाय धुतले आणि सरळ माजघरात गेले. आम्ही तिघं दारात उभे.

ते ऑर्गनसमोर बसले. पायाने भाता मारला. वर्षभर न चाललेला भाता खरखरला, वृंदाने तोंडाला पदर लावला. मग त्यांनी त्या पदाचं सुरुवातीचं वाजवलं, आईच्या पट्टीत, काळी चार. ती गायला लागायची तिथपर्यंतच. तिथे ते थांबले.

हात पट्ट्यांवर तसेच. त्यांनी मान उजवीकडे वळवून वर बघितलं, जिथे रंगमंच असायचा तिथे. आमच्या घरी तिथे भिंत आहे, आणि भिंतीवर कॅलेंडर. ते बघत राहिले. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, पण कुणी हललं नाही.

"बरं," तात्या म्हणाले. आम्हाला नव्हे.

आणि दोन्ही हातांनी, आवाज न करता, त्यांनी झाकण लावलं.

बराच वेळ ते हात झाकणावर ठेवून बसून राहिले. मग उठले, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि दारात वृंदा हमसून हमसून रडत होती तिला म्हणाले, "रडू नकोस. आता रोज धूळ पुसायला नको." मग मुकुंदाकडे वळले.

"गुरुजींना विचारून ये, मी किती वाजता बसायचं."